दिवे घाटातून थेट

माझा थोरला भाऊ आकाशवाणीच्या अभियांत्रिकी विभागातून निवृत्त झाला. नोकरीची बरीच वर्षं त्याने ओबीवर काढली, म्हणजे स्टुडिओबाहेर जाऊन सामने, सभा, उत्सव जागेवरून हवेत पोचवायचे. माझी मुलगी आयटीत आहे आणि यंदा माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड चालणार आहे. चालताना छातीवरच्या पट्ट्यात ॲक्शन कॅमेरा अडकवून ती सगळी वाट यूट्यूबवर थेट दाखवणार आहे. तिने हे जेवताना सांगितलं आणि दादाने हातातला घास ताटात ठेवला. पुढचं बोलणं त्या रात्रीचं. मी मध्ये फारशी बोलले नाही, पण लिहिताना गप्प राहण्याची सक्ती माझ्यावर नाही. दोघं एकदम बोलत होते तिथे ओळी मी लावून घेतल्या आहेत.

मामा : थेट कशाला पण? चाल, चित्रण कर, घरी आलीस की नीट काप आणि मग टाक. कोण अडवतंय?

भाची : कापलेले व्हिडिओ ढिगाने आहेत, मामा. ड्रोनमधून घाट, खाली टोप्यांची पांढरी रेघ, वर कोणाचं तरी गाणं. तीन मिनिटांत वारी आटपते. हडपसरपर्यंतचा तो रटाळ डांबरी रस्ता, केळी वाटणाऱ्यांपाशी उडालेली झुंबड, दुभाजकावर पाय पसरून बसलेल्या बायका, पुढे काहीतरी अडलं म्हणून अर्धा तास नुसतं उभं राहणं, हे सगळं कापताना पहिलं जातं. मला तेच दाखवायचंय.

मामा : आणि ते उभं राहणं बघणार कोण?

भाची : टोरांटोची मावशी. चारच्या सुमारास आम्ही घाटाला लागलो की तिच्याकडे सकाळचे साडेसहा. तिने आत्ताच सांगून ठेवलंय, चांगला गळा कानावर आला की तिथेच थांब, मला अभंग पुरता ऐकू दे. तुझ्या कापलेल्या व्हिडिओत हे जमेल? ती सांगेल आणि मी थांबेन?

आमच्या धाकटीचं नाव निघालं की दादा नरमतो. तिला टोरांटोला जाऊन बरीच वर्षं झाली आणि दर आषाढात तिचा फोन जरा लांबतो.

मामा : बरं. लाइन कोणाची?

ओबीवाल्या माणसाचा हा नेहमी पहिला प्रश्न. कार्यक्रम काय, कलाकार कोण, हे नंतर. तिने समजावलं ते थोडक्यात असं. कॅमेऱ्यात सिमकार्ड नसतं. खिशातल्या फोनचा हॉटस्पॉट चालू करायचा, ॲपमधून कॅमेऱ्याला त्याचं नाव, पासवर्ड आणि यूट्यूबने दिलेला पत्ता भरवायचा. मग कॅमेरा स्वतःच चित्र दाबून लहान करतो आणि आरटीएमपी नावाच्या पद्धतीने पाठवत राहतो. ७२०पीचं चित्र सेकंदाला चार मेगाबिटने सोडलं तर तासाला जवळजवळ १.८ जीबी डेटा जातो. बघणाऱ्यापर्यंत ते काही सेकंद उशिराने पोचतं, कधी अर्ध्या मिनिटाने. दादाने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा तासाचा हिशोब बोटांवर करून पाहिला आणि मान हलवली.

मामा : आम्ही टेलिफोन खात्याकडून लाइन घ्यायचो. ती तेवढा वेळ फक्त आपली. कार्यक्रमाआधी तपासायची, वर एक जादा ठेवायची. हडपसरला लाखभर फोन त्याच टॉवरांना लोंबकळत असताना तुझ्या चार मेगाबिटला विचारतो कोण?

भाची : कोणी नाही विचारत. चित्र अडकेल, ठोकळे दिसतील, तुटेल. दोन कंपन्यांचे दोन फोन घेणार आहे. वृत्तवाहिन्यांकडे पाठीवरच्या पिशव्या असतात, पाच-सहा सिमकार्डांतून एकच चित्र वाटून पाठवणाऱ्या. तेवढे पैसे माझ्याकडे नाहीत.

मामा : बॅटरी?

भाची : कॅमेऱ्याची स्वतःची फार तर तासभर तग धरते, म्हणून पॉवर बँकेची वायर. चालताना वारा लागतो तोवर ठीक. एका जागी उभं राहिलं की तापतो आणि बंद पडतो.

मामा : म्हणजे तुझं ते अर्धा तास उभं राहणं काही दिसणार नाही.

इथे तीही हसली. पण हरली नव्हती.

भाची : हे काल निघालेलं खूळ असल्यासारखं बोलू नकोस. १९९४ साली एमआयटीत स्टीव्ह मान नावाचा विद्यार्थी अंगावर कॅमेरा चढवून समोर दिसेल ते बिनतारी वेबवर पाठवत होता. २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जस्टिन कानने टोपीला कॅमेरा लावला, पाठीवर संगणक घेतला आणि चोवीस तास स्वतःचं आयुष्य दाखवायला लागला. ट्विच त्यातून निघालं, ॲमेझॉनने २०१४ मध्ये घेतलेलं. २०१६ मध्ये पेरिस्कोप ॲपवर गोप्रो कॅमेऱ्यातून थेट दाखवता यायला लागलं आणि २०१८च्या गोप्रो हीरो ७ ब्लॅकमध्ये ही सोय कॅमेऱ्यातच आली.

मामा : त्या टोपीवाल्याला त्रास झाला नाही कधी?

भाची : झाला. प्रेक्षकांनी गंमत म्हणून पोलिसांना खोटी वर्दी दिली. पोलीस त्याच्या घरात घुसले.

मामा : बघ. म्हणजे बघणारे नुसते बघत नाहीत. आणि हा कॅमेरा मुळात काढला कशासाठी?

भाची : गोप्रोचा निक वुडमन सर्फिंग करायचा. लाटेवर असताना आपले फोटो घेता यावेत म्हणून त्याने मनगटाला बांधायचा कॅमेरा केला. पहिला तर फिल्मवर चालणारा होता, पस्तीस मिलिमीटरच्या.

मामा : हां. लाटेवरचा माणूस. आजूबाजूला पाणी आणि आभाळ, दुसरं कोणी नाही. त्याच्यासाठी भिंग रुंद, त्याच्यासाठी ते अंगाला बांधलेलं, त्याच्यासाठी एकदा चालू केलं की विसरून जायची सोय. तोच कॅमेरा तू लाखो माणसांत घेऊन निघालीस. त्या रुंद भिंगात तिथे लाट येणार नाही, माणसं येणार. आणि त्यांच्यापैकी कोणालाच विसरून जायची सोय नाही.

त्या रात्री दादा जे जे बोलला त्यात मला हे सगळ्यांत नेमकं वाटलं. फोनवरून थेट दाखवणारा माणूस हात वर धरतो. समोरच्याला ते दिसतं, तो पदर सावरतो, तोंड फिरवतो, नाहीतर मुद्दाम पुढे येतो. शिवाय दाखवणाऱ्याची नजर पडद्यावर असते, चौकटीत काय शिरलं हे त्याला त्याच क्षणी कळतं. छातीवरच्या कॅमेऱ्यात या दोन्ही गोष्टी नाहीत. एक बारीक लाल दिवा असतो, तोही उन्हात दिसत नाही. चालणारीचे डोळे एकीकडे असतात आणि छाती दुसरीकडे.

मामा : वडकी नाल्याला दुपारचा विसावा. तू चालून गेलीयेस, तुला माहीत आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, शेतांत, झाडांखाली माणसं कलंडलेली. कोणी तळपायाच्या फोडांना तेल लावतंय, कोणाचं लुगडं गुडघ्यापर्यंत वर गेलंय, दोघींनी चादर धरलीय आणि आड तिसरी कपडे बदलतेय. तू तिथून जाताना नजर वळवशील, तेवढं वळण आहे तुला. तुझी छाती नजर वळवणार आहे का? आणि दुसऱ्या दिवशी सासवडला उजाडायच्या आत टँकरपाशी अंघोळी चालतात...

भाची : टँकरपाशी मी कॅमेरा नेणारच नाही. विसाव्यालाही बंद.

मामा : ठरवलेल्या जागी बंद करशील. ठरवली नव्हतीस त्या जागी?

भाची : मामा, एक स्पष्ट बोलू? त्या बायकांनी कॅमेरा कधी पाहिलाच नाही असं धरून तू बोलतोयस. परभणीची आजी रथ दिसला की नातवाला व्हिडिओ कॉल लावते. संध्याकाळी तोच फोटो तिच्या स्टेटसला असतो. गळ्यात कॅमेरा असलेली मुलगी दिसली की फुगडीला ओढतात, वर विचारतात, कुठल्या चॅनेलला दिसणार? त्यांची लाज सांभाळायचं काम तू अंगावर घेतलंस, त्यांनी सांगितलं होतं का? आणि आजवर दाखवलं काय तुम्ही लोकांनी? एकादशीची महापूजा. मुख्यमंत्री, त्यांचं सोवळं, हारतुरे. रांगेतून निवडलेल्या जोडप्याला मानाचे वारकरी म्हणून बाजूला उभं करायचं आणि दोन वाक्यं बोलू द्यायची. बाकीचे सगळे मागची गर्दी.

मामा : ते आम्ही ठरवत नव्हतो.

भाची : कोणीतरी ठरवत होतं ना? मला तेच म्हणायचंय. माझ्या चित्रात कोण यावं हे मंत्रालय ठरवत नाही.

दादाने पाणी प्यायलं. लेकीचं हे म्हणणं मला पटतं आणि त्याला उत्तर नाही असंही वाटतं. ज्यांना आपण निरागस समजतो त्यांच्या वतीने नकार देणं फार सोपं असतं. पण मग दादाने जे काढलं ते आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मामा : मी रेडिओचा माणूस. मघापासून तू चित्राचंच बोलतेयस. चित्र झाकता येतं. भिंगावर हात ठेव, ओढणी टाक, झालं. आवाजाचं काय करणार?

भाची : म्हणजे?

मामा : हात ठेवलास तरी माइक चालूच. वारीत माणसं शेजारच्याशी काय बोलतात, ऐकलंयस ना? वीस वर्षांत घरात बोलले नसतील ते अनोळखी माणसाला सांगतात. सुनेचं, वाटणीचं, सोसायटीच्या कर्जाचं, दारू पिणाऱ्या मुलाचं. का सांगतात? कारण सासवडला हा माणूस वेगळ्या राहुटीत जाणार आणि पुन्हा भेटणार नाही. तुझ्या शेजारून चालणारी बाई तुला मुलगी समजून मन मोकळं करेल आणि ते टोरांटोला, दुबईला आणि तिच्या गावातल्या तिच्या जावेला एकाच वेळी ऐकू जाईल.

भाची : गर्दीत एवढं स्पष्ट येत नाही. टाळ-मृदंग असतात, भोंगे असतात.

मामा : गर्दीत नाही येत. एक फुटावरचं येतं. माइक माझा धंदा होता गं. दीड हातावर बोलणारी बाई आणि मागे शंभर टाळ, यात बाई ऐकू येते. शब्द तोडून घेता येतात.

हा मुद्दा मला फार लागला. चित्रात कोण आलं याची चर्चा सगळे करतात. कोण काय बोललं हे कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण बोलणारीचं तोंड बहुतेक चौकटीबाहेर असतं. बाजूला चालणारी बाई भिंगात अर्धवट दिसेल, तिचा खांदा दिसेल, कदाचित डोक्यावरची तुळसही. तिचं नाव कोणी विचारलेलं नाही. पण ओळखणारे आवाजावरून ओळखतात.

आवाजाची दुसरी भानगड लेकीने स्वतःच सांगितली आणि जरा हलकं झालं. रस्त्यावरच्या मंडपात कोणी रेकॉर्ड केलेलं गाणं मोठ्याने लावलं असेल तर यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते आणि चालू प्रक्षेपण अडवू शकते. अभंग साडेतीनशे-सातशे वर्षांचे, त्यांवर कोणाचा हक्क नाही, पण अमुक गायकाच्या अमुक कंपनीने काढलेल्या ध्वनिमुद्रणावर आहे. म्हणजे माणसांचं बोलणं यंत्राला अडवता येत नाही आणि भोंग्यातलं भजन मात्र ते झटक्यात पकडतं. दादा म्हणाला, तुझ्या यंत्राला कोण मालक आहे तेवढंच कळतं.

भाची : तुझ्या हिशोबाने मग कोणी काही दाखवूच नये. सगळं बाजूच्याच्या कानात राहू दे.

मामा : तसं नाही. सासवडच्या तळावर समाज आरती बघशील ना संध्याकाळी? सगळ्या दिंड्या पालखीभोवती जमतात, टाळांचा कल्लोळ चालू असतो. चोपदार दंड वर करतो आणि एका क्षणात सगळं थांबतं. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ थांबवत नाही. वाजवत राहते. मग चोपदार तिच्यापर्यंत जातो, काय झालं विचारतो, आणि त्यानंतर पुढचं. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात, उद्याचं सांगतात, मग आरती. एवढ्या लोकांत एका दिंडीला नको म्हणायची सोय ठेवलेली आहे. तुझ्या चित्रात आलेल्या माणसाला टाळ कुठला वाजवायचा?

भाची : कमेंट...

मामा : कमेंट बघणाऱ्याला. मी दिसणाऱ्याचं विचारतोय.

ती बराच वेळ बोलली नाही. तिच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते. आईला असल्या वेळी वेगळंच सुचतं. मी म्हटलं, दिसणाऱ्यांचं राहू दे, दाखवणारीचं काय? थेट दाखवणं म्हणजे मी या मिनिटाला नेमकी कुठे आहे हे साऱ्या जगाला सांगणं. आणि मला खारची गोष्ट आठवली.

२०२२च्या नोव्हेंबरअखेर मुंबईत खारच्या रस्त्यावरून एक कोरियन तरुणी रात्री थेट प्रक्षेपण करत होती. दोन तरुणांनी तिला गाठलं, हात धरून ओढलं, गाडीवर बस म्हणाले. तिचं प्रक्षेपण चालूच होतं. पाहणाऱ्यांनी ती चित्रफीत पसरवली, पोलिसांनी दखल घेऊन दोघांना अटक केली.

भाची : हेच मी सांगणार होते, आई. कॅमेरा चालू होता म्हणून पुरावा राहिला. एरवी कोणी विश्वास ठेवला असता? तुम्ही म्हणाला असतात, रात्री कशाला फिरत होती.

मामा : आणि क्राइस्टचर्च?

हे त्याने काढायला नको होतं असं मला तेव्हा वाटलं. २०१९च्या मार्चमध्ये न्यूझीलंडमधल्या त्या शहरात मशिदींवर गोळीबार करणाऱ्याने डोक्यावर असाच कॅमेरा लावून फेसबुकवर सतरा मिनिटं थेट दाखवलं होतं. लेक चिडली. सुरीने खून होतात म्हणून भाजी चिरायची नाही का, म्हणाली. पण दादाचा रोख दुसरीकडे होता.

मामा : मी खुन्याचं बोलतच नाहीये. आकडे बघ. फेसबुकनेच सांगितलेले. थेट चालू असताना पाहणारे दोनशेहून कमी. आणि पहिल्या चोवीस तासांत काढाव्या लागलेल्या नाहीतर चढतानाच अडवाव्या लागलेल्या प्रती पंधरा लाख. तू म्हणतेस थेट म्हणजे त्या क्षणापुरतं. आमचं होतं त्या क्षणापुरतं. बोलणाऱ्याचा शब्द गेला की गेला, टेप लावली नसेल तर देवालाही परत मिळायचा नाही. तुझं थेट संपलं की यूट्यूब ते आपणहून साठवून ठेवतं. चालू असतानाच मागे नेऊन बघता येतं. मावशी चहा पिताना एकदा बघणार. बाकीचं आयुष्य ते तिथेच.

भाची : संपल्यावर मी खाजगी करेन. किंवा नको तेवढं छाटेन.

मामा : छाटणार, म्हणजे कापणार. मग मी पहिल्यांदा काय म्हणत होतो?

तिने उशी फेकली. कायद्यावरही दोघं घसरले, पण तिथे फार काही हाती लागलं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७च्या ऑगस्टमध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही. जगाला दाखवलेलं घरगुती कसं, हा दादाचा प्रश्न आणि मी त्यातून पैसे कुठे मिळवतेय, हा तिचा. भारतीय न्याय संहितेचं ७७वं कलम मात्र दोघांनाही मान्य होतं. खाजगीपणाची रास्त अपेक्षा असलेल्या जागी बाईला अंघोळ करताना पाहणं, टिपणं किंवा ते पसरवणं हा गुन्हा आहे, पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं. पालखीतळावरचा उघडा टँकर ही तशी जागा धरायची की नाही, यावर परत जुंपली. माझ्या मते अशी अपेक्षा जागेपेक्षा माणसांत असते आणि पहाटे चार वाजता टँकरपाशी सगळे पाठ करून उभे असतात, त्यातच ती दिसते.

मामा : माझं भांडण तुझ्या कॅमेऱ्याशी नाही. तुला ओबी म्हणजे फक्त गाडी वाटते. मी जागेवर, समालोचक माझ्या शेजारी, स्टुडिओत एक इंजिनिअर आवाजाच्या फेडरवर बोट ठेवून आणि त्याच्या डोक्यावर ड्यूटी ऑफिसर. एखाद्याने सभेत भलतंसलतं बोलायला सुरुवात केली की फेडर खाली आणि तबकडी सुरू. कितीदा राग यायचा आम्हाला त्या ऑफिसरचा. पण दिसणं आणि दाखवणं याच्या मध्ये एक माणूस होता. तू तिथे एकटी. बघणारी तू, चालणारी तू, बोलणारी तू आणि फेडरवर कोणाचं बोट नाही.

भाची : उशीर लावता येतो. यूट्यूबमध्ये सोय आहे, तीस सेकंद किंवा साठ. अमेरिकेत रेडिओवाले श्रोत्यांचे फोन घेताना सात सेकंद ठेवायचे ना?

मामा : ठेवायचे. कारण त्या सात सेकंदांत बटणावर कोणीतरी बसलेलं असायचं. तुझ्या साठ सेकंदांत कोण बसणार? माणूस नसेल तर साठ सेकंदांनी तीच चूक होते, एवढंच.

भाची : तू बस.

मामा : मी?

भाची : चॅनेलची परवानगी दुसऱ्याला देता येते. घरी लॅपटॉपवर बसायचं, नको ते दिसलं की बंद करायचं. फोन करून मला सांगायचं. तुझं बोट फेडरवर.

मामा : घरी बसणाऱ्याला चित्र त्या साठ सेकंदांच्या आधी दिसतं की नंतर?

भाची : ...उद्या तपासते.

मामा : तपास. त्यावरच सगळं आहे. आणि मला नको बसवूस. मी दहाव्या मिनिटाला बंद करीन. वडकीला पोचायच्या आधी तुझी वारी संपेल.

यात खोटं काहीच नव्हतं. दादा चांगला इंजिनिअर होता, पण त्याच्यातला ड्यूटी ऑफिसर निवृत्तीनंतर जास्तच जागा झालाय. मग दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मला यातलं काही कळत नाही. लेक म्हणाली, कळायला लागत नाही, एकच बटण आहे. दादा म्हणाला, कळायला लागतं, पण तुला कळेल.

मी माझ्या अटी घातल्या. विसाव्याला आणि तळावर कॅमेरा बंद, नुसता झाकून नाही. छातीवर नाही, हातात काठीला लावायचा, म्हणजे लोकांना दिसेल आणि तिलाही वळवता येईल. शेजारी कोणी मनातलं बोलायला लागलं की ते ऐकायचं आणि प्रक्षेपण तिथेच थांबवायचं, मावशी अभंगाच्या मध्यावर असली तरी. काठीवर ती अडली. पाच-सहा तास हातात काठी धरून कोण चालतं, म्हणाली, मग अंगावरच्या कॅमेऱ्याला अर्थ काय? मी म्हटलं, वारकरी पताका धरून पंढरपूरपर्यंत जातात. घाट चढताना तेवढा छातीवर, बाकी काठीला, इथवर ती आली. मी अजून हो म्हटलेलं नाही.

दादाला तोवर दुसरीच काळजी लागली होती.

मामा : ही ज्या वेळी घाटात असेल त्या वेळी इथली लाइट गेली तर? राउटर इन्व्हर्टरवर आहे का तुझा?

नव्हता.

मामा : मग आधी ते करा. आणि तिच्यासाठी एक वेगळा फोन, ज्याच्यावर दुसरं कोणी फोन करणार नाही. लाइन एकच आणि तीही धाकटीने अडवून ठेवली तर हिला सांगणार कोण?